माझ्याखालचं कोंबडं

मी डालगं बोलतोय. कोंबडी झाकायचं, बांबूचं. मुरबाडच्या बाजारासाठी जैतू नावाच्या कारागिराने मला विणलं आणि गोजाबाईने मला चार वेळा उलटंसुलटं करून, दोनदा नाक मुरडून, मगच शहापूरजवळच्या आपल्या गावी आणलं. तेव्हापासून मी तिच्या पडवीत आहे.

माझं काम सोपं वाटतं, पण तसं नाही. उद्या जे कोंबडं कापायचं, ते आदल्या संध्याकाळी माझ्याखाली कोंडतात. दाणा नाही, फक्त पाणी. पोट रिकामं असलं की कापताना घाण होत नाही. माझ्यावर एक दगड ठेवला की घरच्यांना कळतं, उद्या रस्सा. आणि एखादं कोंबडं मलूल झालं, तर तेही माझ्याखालीच, बाकीच्यांना लागण नको म्हणून. दोन्ही कामांना मी एकटाच. माणसं चपलांचे तीन जोड ठेवतील, पण दुसरं डालगं घ्यायचं कुणाला सुचलं नाही. यातून एक दिवस घोटाळा होईल, याची मला फार भीती वाटायची.

यंदा सून रश्मी बाळंत व्हायची होती. तिच्यासाठी गोजाबाईने पंचवीस ब्रॉयलर पिल्लं आणली.

"बाजारातल्या कोंबडीनं काय खाल्लंय ते आपल्याला काय ठावं?" ती म्हणाली. "माझ्या सुनेला माझ्या डोल्यांपुढं वाढलेलंच घालीन."

पिल्लांना बल्बची ऊब दिली, खाली भाताचा तूस पसरला. महिनाभरात ती अशी फुगली, की दोन पावलं चालून बसकण मारायची. मला त्यांचं हसू यायचं आणि कीवही.

रश्मीला मुलगी झाली, पण बाळंतपण अवघड गेलं. रक्त फार गेलं होतं. घरी आली तेव्हा ती भिंत धरून चालत होती. तिच्या अंगात ताकद यावी म्हणून दर दोन दिवसांनी तिला अळणी रस्सा द्यायचं ठरलं. कोंबडं कापायचं काम तिच्या नवऱ्याचं, म्हणजे महेंद्रचं.

एका शनिवारी संध्याकाळी एक कोंबडं पंख पाडून बसलं. त्याच्या विष्ठेत रक्त होतं. गोजाबाईने ते उचलून माझ्याखाली ठेवलं आणि वर नेहमीचा दगड ठेवला. सकाळी महेंद्र झोपेत असतानाच ती औषध आणायला पहिल्या जीपने शहापूरला गेली. जाताना कुणाला काही सांगितलं नाही.

महेंद्र उठला. त्याने मला पाहिलं, दगड पाहिला आणि विळी धुवायला घेतली.

माझी बांबूची कामटी न् कामटी ताणली गेली. कोंबडं निदान फडफडेल, असं वाटलं. ते फडफडलं नाही. त्याने पाय धरून उचललं तरी मान खालीच.

"आज शानं झालंस रे," महेंद्र हसून म्हणाला.

मान कापली, गरम पाण्यात बुडवून पिसं काढली. मग त्याने पोट फाडलं आणि त्याचा हात थांबला. आतडी सुजलेली होती, आतून रक्ताळलेली. मी समोरच आडवा पडलो होतो. मला सगळं दिसत होतं. त्याने दाराकडे पाहिलं. आत बाळ रडत होतं, रश्मी सकाळपासून उपाशी होती.

"पोट टाकलं का झालं," तो स्वतःशीच पुटपुटला. "मांस तं चांगलं हाय."

तीन पाण्यांनी धुऊन त्याने ते शिजत घातलं. आतडी मात्र कुंपणापाशी खोल पुरली. एरवी तो ती कुत्र्याला टाकतो.

रस्सा वाटीत गेला तेव्हा गोजाबाई औषधाची पुडी घेऊन अंगणात शिरली. मला आडवं पडलेलं पाहून ती जागच्या जागी थिजली.

"महेंद्र! हितलं कोंबडं कुठं गेलं रे?"

"कापलं. तू ठेवलंवतंस ना कापायला?"

"अरे, आजारी व्हतं ते! रश्मी, पिऊ नको गो!"

ती चपलांसकट आत धावली. रश्मीने वाटी ओठांना लावली होती. एखादा घोट गेलाही असेल. गोजाबाईने वाटी काढून घेतली आणि आपलंच कपाळ बडवलं. "माझंच चुकलं. सांगून जायला पायजे व्हतं. पोराला काय कळनार?"

महेंद्र गप्प राहिला असता तर सगळं आईवर गेलं असतं. 

"मला दिसलं व्हतं," तो म्हणाला. "पोट फाडलं तवा."

रश्मीने बाळाला जवळ ओढलं. "दिसलं व्हतं, आन् तरी मला वाढलंत?"



तिला काही झालं नाही. पण चार दिवस गोजाबाई तिच्या कपाळाला हात लावून बघत होती आणि महेंद्र पडवीतून विचारत होता, "ताप नाय ना?"

आता माझ्याखाली दुसरं आजारी कोंबडं आहे. महेंद्र त्याला रोज स्वतः औषध पाजतो. आजारी कोंबड्याची खूण म्हणून दगडाशेजारी माझ्या कामटीला लाल चिंधीही बांधली आहे. पण जेवणाची वेळ झाली की मला अजून धास्ती वाटते. रश्मीपुढे ताट येतं, तेव्हा ती हात लावत नाही, नुसती नवऱ्याकडे बघते. तो तिच्या ताटातला पहिला घास खातो. मग ती जेवते.

तुमच्या घरी माझ्यासारखं डालगं असेल, तर उचलण्याआधी विचारा. आणि आत काही दिसलं, तर ताट वाढण्याआधी बोला.