निर्माल्याची पुडी

निर्माल्याची पुडी पाण्यात पडली, बोटीमागच्या फेसात एकदा वर आली आणि दिसेनाशी झाली. महादेवप्पांनी कठड्याशी उभं राहून हात जोडले. मुलाकडं आल्यापासूनच्या चार दिवसांची पूजेची फुलं होती ती. सून सुकन्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मामा, इथं सगळं कचऱ्याच्या पिशवीतच टाकावं लागतंय." त्यावर ते म्हणाले होते, "देवाची फुलं कचऱ्यात? समुद्र आटलाय का काय इथला?" तर आज दार-ए-सलामच्या समुद्रात ती सोडून झाली. शेजारी उभ्या असलेल्या नातीनं, दामिनीनंही अज्जाचं बघून हात जोडले.

जोडलेले हात खाली आणताना उजवा तळवा सवयीनं छातीवर गेला. सदऱ्याखाली दोऱ्यात चांदीची डबी होती आणि डबीत त्यांचं इष्टलिंग. आठव्या वर्षी स्वामींनी गळ्यात घातलेलं, आज सत्तरी आली. महादेवप्पा लातूरच्या मार्केट यार्डात बेचाळीस वर्षं मापाडी होते. पोतं काट्यावर चढायच्या आधी त्यांचा हात वजन सांगायचा आणि काटा मागाहून नुसती मान डोलवायचा, अशी त्यांची ख्याती होती. त्या हाताला डबी हलकी लागली.

ते गर्दीकडे पाठ करून वळले. डबी उघडली. आत घडी केलेलं लाल फडकं होतं, बाकी काही नाही.

सकाळचं सगळं लख्ख आठवलं. बाल्कनीत पूजा झाली होती. हात पुसायला म्हणून त्यांनी तळव्यावरचं लिंग ताटातल्या फुलांवर ठेवलं, तेवढ्यात दारातून अमरनाथ ओरडला होता, "अप्पा, उरका की! गाडी खाली येऊन उभी हाय." पोराला आठवड्यात एकच सुट्टी. त्यांनी घाईनं फडकं डबीत कोंबलं, ताटातली फुलं कागदावरच्या आधीच्या फुलांवर पालथी केली आणि पुडी बांधली. मग सकाळभर एका हातात पुडी आणि दुसऱ्यात नातीचा हात. छातीकडे हात गेलाच नाही.

पायाखालची जमीन सरकली असं आपण म्हणतो. महादेवप्पांच्या पायाखाली तर जमीनही नव्हती, बोट होती.

अंगावर लिंग नसताना अन्नपाणी घ्यायचं नाही, हा त्यांच्या घरचा नेम. तापात, लग्नात, बायकोच्या अंत्यविधीच्या दिवशीही तो मोडला नव्हता. आणि आज पोटात गाडीत खाल्लेला उपमा होता, वर मधुमेहाची गोळी होती. लिंग नसलेल्या अंगानं ते जेवून बसले होते. त्यांनी कठडा घट्ट धरला.

"अज्जा, काय झालं?"

"काय न्हाई गं. बोट हालायली."

या शहरावर ते चार दिवस लट्टू झाले होते. उतरल्या दिवशीच त्यांना तुरीचा आणि बारदानाचा वास आला. अमरनाथ इथल्या कडधान्याच्या गोदामात मालाची तपासणी करायचा, आणि गोदामाबाहेरचे हमाल लातूरच्या हमालांसारखेच पोत्यांवर आडवे होऊन डुलकी काढायचे. दुकानाला हे लोक 'दुका' म्हणत, पुस्तकाला 'किताबु', बातमीला 'हबारी'. निजामाच्या राज्यात जन्मलेल्या आजोबांच्या तोंडी असलेले शब्द समुद्रापलीकडे भेटले म्हणून महादेवप्पा सुनेला सांगत सुटले होते, "अगं, ह्ये तर लातूरच हाय. निस्ती आपल्या बाजाराची गोलाई तेवढी आणायची राहिली."

आता बोट धक्क्याला लागली तेव्हा त्यांना कळलं, की इथं सगळं होतं, पण गळ्यात दुसरं लिंग बांधणारा जंगम नव्हता. परत जायला अजून अकरा दिवस होते.

सांगून टाकायचं. दोन शब्दांचं काम. पण सांगायचं कुणाला? अमरनाथला?

सोळा वर्षांपूर्वी अमरनाथ नांदेडला विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकत होता. मित्रांबरोबर गोदावरीत पोहायला उतरला आणि दोरा तुटून लिंग पाण्यात गेलं. पोरगं त्याच रात्रीच्या एसटीनं लातूरला आलं आणि दारातच खरं सांगून मोकळं झालं. महादेवप्पांनी त्यानं पुढं केलेला पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला होता. "ज्याला गळ्यातलं लिंग संबाळता येत न्हाई, त्याच्या हातचं पाणी मी पिणार न्हाई." वर्षभर त्यांनी ते पाळलं. पोरानंही मग दुसरं लिंग घालून घेतलं नाही, आजतागायत नाही. बोलणं सुरू झालं, लग्न झालं, नात झाली. पण त्या तांब्याबद्दल बापलेक कधी बोलले नाहीत.

आता त्याच पोराला कोणत्या तोंडानं सांगायचं? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आणि आपण कोरडे पाषाण. त्याचा तर दोरा तुटला होता. यांनी स्वतःच्या हातानं सोडलं, वर हात जोडले.

दुपारी अमरनाथ सगळ्यांना किसुटूच्या गल्लीत एका गुजराती खानावळीत घेऊन गेला. ताटं आली. महादेवप्पांनी ताट पुढं सरकवलं.

"आज माझा सोमवार हाय."

"अप्पा, आज रविवार हाय," अमरनाथ हसला.

"मग पोट जड हाय म्हन."

"ताक तरी घ्या, मामा. सकाळी गोळी घेतली की तुम्ही," सुकन्या म्हणाली. ती देगलूरची लेक, नजरेची तीक्ष्ण. सासऱ्यांनी पाण्याच्या पेल्यालाही हात लावला नाही, हे तिनं पाहिलं होतं.

"नको म्हन्लं ना!"

एवढ्या जोरात ते सुनेवर कधी बोलले नव्हते. दामिनीचा घास हातातच राहिला. अमरनाथचं हसू गेलं. "एकुलती सुट्टी घालवून फिरवायलो, तर ह्यांचं तोंड असं," तो पुटपुटला. महादेवप्पांनी ते ऐकलं. जीभ टाळूला चिकटली होती. समोर पेल्याच्या बाहेरून थंड पाण्याचे थेंब ओघळत होते आणि त्यांना तिकडं बघवत नव्हतं.

तिथून करियाकूचा बाजार. हा अमरनाथनं राखून ठेवलेला कौतुकाचा भाग होता. पोत्यांच्या थप्प्या, मोकळ्या तोंडाच्या गोण्या, तूर, चवळी, मूग. एका दुकानात डोक्याला रंगीत रुमाल बांधलेली धिप्पाड बाई बसली होती. अमरनाथनं तिच्याशी तिच्या भाषेत थट्टा केली आणि वडिलांकडे वळला. राग विसरला होता बिचारा.

"अप्पा, हिला म्हन्लं, माझा बाप हात लावून वजन सांगतो. ह्या गोणीत किती हाय, सांगा बरं."

महादेवप्पांनी गोणीच्या कानाला हात घातला. उचलायला गेले, पण गोणी जागची हलेना. पुन्हा जोर लावला. आकडा येईना. बेचाळीस वर्षांत हात पहिल्यांदा मुका झाला. कपाळावर गार घाम फुटला, गोण्या आधी पिवळ्या आणि मग काळ्या दिसायला लागल्या. त्या बाईनंच पुढं होऊन त्यांना धरलं आणि स्टुलावर बसवलं. "पोले बाबा, पोले," ती म्हणत होती, लहान मुलाला समजवावं तसं.

"साखर उतरली!" सुकन्यानं पर्समधून खजूर काढले. अमरनाथनं पाण्याची बाटली ओठाला लावली. महादेवप्पांनी दात घट्ट मिटले. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर सांडलं.

"अप्पा, तोंड उघडा!"

त्यांनी मान हलवली.

"काय लावलंय सकाळपासून? मरायचंय का इथं परमुलखात? माझ्या दारात?" अमरनाथ ओरडला. माणसं जमली. दामिनी रडायला लागली. "माझ्या हातचं पाणी नको का अजून? तसं तरी सांगा!"

म्हणजे तो विसरला नव्हता. सोळा वर्षं पोरानं ते काळजात ठेवलं होतं. महादेवप्पांना लाजेनं मरून जावंसं वाटलं. त्यांनी सदऱ्यात हात घालून डबी बाहेर काढली आणि उघडून त्याच्यासमोर धरली.

"गेलं," ते म्हणाले. "बोटीवर. फुलासंगं. म्या माझ्या हातानं सोडलं रं."

अमरनाथ डबीकडे बघत राहिला. महादेवप्पांनी डोळे मिटले. आता तो विष्णुपुरीचं नाव काढणार. काढावंच त्यानं, त्याचा हक्क होता. पण अमरनाथ उकिडवा बसला, खिशातून फोन काढला आणि मुरुडला घराण्याच्या गुरूंना, संगमेश्वर स्वामींना लावला. भर बाजारात, स्पीकरवर.

स्वामींनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा आवाज म्हातारा झाला होता. "महादेवप्पा, ऐका. लिंग गेलं म्हणून शिव जात न्हाई. तळहातावर भस्मानं लिंग काढा, त्याची पूजा करा आणि जेवा. गावाकडं आलात की दुसरं बांधू. उपाशी राहिलात तर मला दोष लागंल."

फोन बंद झाला. महादेवप्पा म्हणाले, "सामी तवाबी ह्येच म्हन्ले होते. तुझ्या टायमाला." त्यांना दम लागला होता. "म्याच ऐकलं न्हाई."

"हात पुढं करा, अप्पा," अमरनाथ म्हणाला.

महादेवप्पांच्या खिशात भस्माची पुडी होती. बोटानं त्यांनी डाव्या तळव्यावर लिंग काढलं. रेघ वाकडी आली, पण आली. ओठ हलायला लागले. आता अभिषेकाला वरून पाणी हवं होतं. सुकन्यानं बाटलीसाठी हात पुढं केला. तिच्या गळ्यात लिंग होतं, तिचा हात चालला असता.

"तू नको," महादेवप्पा म्हणाले. "त्याला ओतू दे."

अमरनाथनं बाटली तिरकी केली. पाणी भसकन तळव्यावर पडलं. भस्म वाहून जायला लागलं.

"हळू ओत रं," महादेवप्पा रिकाम्या तळव्याकडे बघत म्हणाले. "बारीक धार. लिंगाच्या माथ्यावर पडू दे."

अमरनाथनं बाटलीच्या तोंडावर अंगठा ठेवला आणि धार बारीक केली.