शनीच्या बंदराचं शेवटचं दृश्य

माझी नात उर्जा त्या हिवाळ्यात फोन करायची तो यशवंताला. मला नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने मित्राला कोणाचे फोन येतात यावर पाळत ठेवू नये, हे मला कळतं. तरी ठेवली.

टेप माझी होती.

यशवंत आणि मी तरुणपणी एकाच विमानाने जर्मनीत आलो, ब्योब्लिंगेनजवळच्या एकाच मोटार कारखान्यात लागलो आणि एका विधवा बाईंच्या घरी एकाच खोलीत राहिलो. शनिवारी संध्याकाळी बूट बाहेर काढून बाईंच्या दिवाणखान्यात टीव्ही पाहायची आम्हाला मुभा होती. तेव्हा ‘हाफेन साटुर्न’ नावाची मालिका लागायची. हाफेन म्हणजे बंदर. शनीपाशी अवकाशयानांचं एक बंदर आहे आणि केसलर नावाचा कमांडर ते सांभाळतो, अशी गोष्ट. चित्रं काळीपांढरी, यानं बहुधा पुठ्ठ्याची. पण केसलर स्वच्छ, सावकाश जर्मन बोलायचा. यशवंत कारखान्यात लोकांशी चुकतमाकत बोलून भाषा शिकला. मला ते जमेना. आम्ही दोघांनी मिळून एक टेपरेकॉर्डर घेतला होता. त्याचा माइक टीव्हीपुढे ठेवून मी मालिका ध्वनिमुद्रित करायचो आणि आठवडाभर एकेक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकून पाठ करायचो. माझं जर्मन अजूनही थोडं केसलरसारखं आहे, असं शेजारी म्हणतात. कौतुकाने म्हणतात की कसं, ते मला नीट कळलेलं नाही.

पुढे कधीतरी त्या मालिकेच्या फिती पुसून त्यांवर दुसरे कार्यक्रम भरले गेले. काही भाग कायमचे गेले. २०१३ मध्ये वर्तमानपत्रात एक छोटी बातमी आली. कोलोनमधलं एक हौशी मंडळ हरवलेल्या भागांची चित्रं नव्याने काढून, ती हलती करून, जुन्या आवाजाला जोडतं आहे. कोणाकडे आवाज असेल तर कळवावं. बातमी मी कापून ठेवली. कळवलं मात्र नाही. इतक्या लोकांत माझीच टेप कशाला लागेल, असं वाटलं. शेवटी माझ्या बायकोनेच, मालिनीने, उर्जाला सांगितलं. उर्जा कोलोनलाच ॲनिमेशन शिकते. ती दुसऱ्या दिवशी गाडीत बसून आली, टेपा घेऊन गेली आणि महिन्याभरात त्या मंडळाची सभासद झाली. शेवटच्या भागाचा आवाज जगात फक्त माझ्याकडे निघाला. तो भाग उर्जाने स्वतःकडे घेतला.

मंडळाचा एक नियम होता. मनाने काही रचायचं नाही. छायाचित्र असेल तर तसं काढायचं, नसेल तर ज्याने तो भाग पाहिला त्याला विचारून काढायचं. आणि कोणालाच आठवत नसेल तिथे पडदा कोरा ठेवून नुसता आवाज ऐकवायचा. अशा पाहिलेल्या माणसाला ते ‘त्साइटत्सॉयगे’ म्हणत, त्या काळाचा साक्षीदार. घरमालकीण बाई कधीच वारल्या होत्या. उरलो आम्ही दोघं.

एका रविवारी उर्जा लॅपटॉप घेऊन घरी आली. यशवंत मुलाकडे वाल्डॉर्फला राहतो. तोही मुद्दाम आला होता.

“वहिनी, अशी कॉफी आमची सून करील तर मी अजून दहा वर्षं जगेन,” तो आल्या आल्या म्हणाला.

“म्हणजे तिने का करायची नाही ते कळलं,” मालिनी म्हणाली, आणि दोघं हसली.

उर्जाने काम दाखवलं. करड्या रंगातला केसलर फार हलत नव्हता. भुवई उचलायचा, मान वळवायचा, हात यंत्राच्या कळीवर ठेवायचा. पण आवाज आला आणि मी त्याच्याबरोबर ओठ हलवू लागलो. ती म्हणाली, “आल्झो, तर आता शेवट. बाहेरून कोणीतरी दार वाजवतंय. केसलर दार उघडतो, बाहेर जातो, म्हणतो, ‘इथे कोणीतरी आहे.’ मग खूप वेळ शांत. फक्त एक घुर्रर्र आवाज. तिथे काय दिसत होतं?”

मी विचार करत होतो तोवर यशवंत उभाच राहिला. कॉफीचा कप मालिनीच्या हातात दिला आणि दोन्ही हात जमिनीसारखे पसरले.

“जमीन श्वास घेत होती! केसलर उभा, आणि त्याच्या पायाखालची जमीन अशी वर आली... आणि अशी खाली गेली. अख्खा ग्रह जिवंत! हा बंदर बांधून बसलाय तो एका प्राण्याच्या छातीवर!”

“वाह्नझिन! अफाट!” उर्जा पुटपुटली. तिची पेन्सिल भराभर चालली होती. माझ्याकडे तिने कधी असं पाहिलं नव्हतं.

“मला तसं आठवत नाही,” मी म्हणालो.

“मग कसं आठवतंय, आजोबा? सांग ना.” ती सगळ्यांनाच ‘तू’ म्हणते, इथे वाढलेली मुलं घरच्या माणसांना तसंच म्हणतात.

मी डोळे मिटून पाहिलं. दार वाजलेलं आठवलं, वाक्य आठवलं. चित्र येईना. “नक्की सांगता येत नाही,” मी म्हणालो.

“याला पुस्तकातलं पान नंबरासकट आठवतं,” यशवंत म्हणाला, “डोळ्यांपुढचं विचारू नका!”

सगळे हसले. मालिनीही हसली. ते मला जास्त लागलं.

त्यानंतर फोन सुरू झाले. ग्रहाची कातडी कशी होती? केसलर घाबरला का? यशवंत मला प्रत्येक फोनचा वृत्तान्त द्यायचा, आणि मी “वा, छान” म्हणायचो. शब्द न शब्द टिपला मी, आवाज सांभाळला मी, आणि चित्र सगळं त्याचं. रात्रपाळीच्या बाईपासून कारखान्याच्या मुकादमापर्यंत सगळ्यांना तो असाच खिशात घालायचा. पण ती माणसं मला नको होती. नात हवी होती.

फेब्रुवारीत उर्जा पुन्हा आली. आवाज साफ करून आणला होता. तिने माझ्या कानांवर हेडफोन ठेवले. “ऐक. ग्रहाचा श्वास किती स्पष्ट आलाय.”

केसलर म्हणाला, इथे कोणीतरी आहे. मग शांतता, आणि त्या शांततेत तो आवाज. आधी खर्जात लांब ओढ, मग जरा थांबून शेवटी बारीक शीळ, चुलीवरून उतरवलेल्या किटलीसारखी. मी हेडफोन काढले, पुन्हा घातले. ती शीळ मी लग्नाआधीची कित्येक वर्षं, हाताच्या अंतरावरच्या खाटेवरून ऐकली होती.

तो यशवंत होता. घोरत होता.

पहाटपाळी करून आलेला यशवंत बाईंच्या मऊ सोफ्यावर झोपला असणार. मला हे इतकी वर्षं कळलं नाही, कारण त्या शांततेत पाठ करण्यासारखा शब्दच नव्हता. केसलरचं वाक्य संपलं की मी टेप थांबवायचो.

“कसं वाटलं?” उर्जाने विचारलं.

“स्पष्ट आहे,” मी म्हणालो. त्या दिवशी मी जेवणात दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

मालिनीला मात्र सांगितल्याशिवाय राहवलं नाही. ती पोटभर हसली आणि म्हणाली, “अहो, मग सांगा की पोरीला.”

“सांगेन. योग्य वेळी.”

“तुमची योग्य वेळ चारचौघांत येणार असं दिसतंय.”

मी वर्तमानपत्र उघडलं. चाळीस वर्षांनंतर बायकोपुढे माणसाला लपायला जागा राहत नाही.

मंडळाची बैठक कोलोनला एका शाळेच्या तळघरात होती. साक्षीदार म्हणून आम्हा दोघांना बोलावलं होतं. यशवंत आधीच येऊन सगळ्यांच्या मधोमध बसला होता. फ्राउ हेंकेल नावाच्या बाई मंडळ चालवायच्या; पांढरे आखूड केस, गळ्यात चष्मा. उर्जाने शेवटचं दृश्य दाखवलं. करड्या पडद्यावर जमीन वर आली, खाली गेली, केसलरचा तोल गेला. सुंदर होतं. इतकं सुंदर की मी आणखी चिडलो.

मी उभा राहिलो. माझ्या जर्मनमध्ये चुका नसतात, पण मी बोलायला लागलो की लोक घड्याळ पाहतात. या वेळी कोणी पाहिलं नाही. मी म्हणालो, हा ग्रहाचा श्वास नाही. हे माझे मित्र घोरत आहेत. ते त्या वेळी झोपले होते. त्यांनी हे दृश्य पाहिलेलंच नाही.

सगळे यशवंताकडे वळले. याच क्षणासाठी मी आठवडाभर कोट इस्त्री करत होतो, असं म्हणायला हरकत नाही.

यशवंताने आवाज पुन्हा लावायला सांगितला. डोळे मिटून ऐकला. आणि मग मांडीवर थाप मारून असा हसला की तळघर घुमलं. “अरे, हा तर मीच! पद्या, काय दणदणीत घोरत होतो रे मी! ही शीळ बघ, अजून तश्शीच आहे!” त्याने घोरून दाखवलं. लोक टेबलावर डोकं टेकून हसत होते. एकाने त्याला पुन्हा घोरायला लावून फोनवर टिपून घेतलं. “पण मग मी ती जमीन पाहिली कुठे?” तो स्वतःशीच म्हणाला. “स्वप्नात पाहिली असणार. शपथेवर सांगतो, पाहिली मात्र होती.”

मी हळूच खाली बसलो. त्याला उघडं पाडायला गेलो आणि तो आधी होता त्याहून लाडका झाला.

फ्राउ हेंकेल हसून झाल्यावर चष्मा लावून म्हणाल्या, “स्वप्न चालत नाही. नियम आहे. शेवटचं दृश्य काढावं लागेल. तिथे कोरा पडदा.”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. उर्जाने लॅपटॉप मिटला आणि ती बाहेर गेली. मी मागोमाग गेलो. ती जिन्याच्या पायरीवर बसली होती.

“तुला कधी कळलं हे?”

“गेल्या आठवड्यात. तू हेडफोन दिलेस तेव्हा.”

“आणि तू आज सांगतोस? सगळ्यांसमोर? मला नाही सांगायचं आधी?”

खोटं सांगण्यासारखं काही सुचलं नाही. “तू त्याला फोन करत होतीस,” मी म्हणालो.

ती माझ्याकडे वळली. “आजोबा, तो बोलतो. तुला फोन केला की तू म्हणतोस, ‘थांब, आजीला देतो.’ इमर. नेहमी.”

मी म्हणतो तसं. मला वाटायचं, आजीशीच बोलायचं असणार.

बाहेरून ट्राम गेली. मग उर्जाने नाक पुसलं आणि विचारलं, “तू तर जागा होतास ना? मग तुला कसं काही दिसलं नाही?”

“माझी पाठ होती पडद्याकडे.”

“मग डोळे कुठे होते?”

हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता. आणि एकदम ते दिसलं. टेपरेकॉर्डर खुर्चीमागे ठेवलेला असायचा, आणि त्याला एक मॅजिक आय होता, जुन्या रेडिओंना असायचा तसा काचेचा हिरवा डोळा. आवाज मोठा झाला की त्यातल्या दोन हिरव्या पाकळ्या एकमेकींजवळ येत. पूर्ण चिकटल्या तर आवाज फाटायचा. म्हणून मी पूर्ण भाग त्या डोळ्याकडे बघत बसायचो. त्या शांततेत डोळा सताड उघडा राहायला हवा होता. पण तो मिटत होता, उघडत होता. यशवंताचं घोरणं माझ्या कानांना इतकं सवयीचं होतं की मला तेव्हा वाटलं, यंत्र बिघडलं.

“कसा?” उर्जा म्हणाली. “दाखव.”

मी दोन बोटं तिच्यापुढे धरली. सावकाश जवळ आणली, सावकाश दूर केली. शिळेच्या जागी जरा थरथरवली. तिने लॅपटॉप उघडला नाही. पिशवीतून पेन्सिल काढली.

आत जाऊन तिने फ्राउ हेंकेलना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. “हे तुम्ही नक्की पाहिलंय?”

“हो,” मी म्हणालो. ‘नक्की’ या शब्दाला मी आयुष्यात फार कमी वेळा हो म्हटलं असेल.

“मग चालेल.”

उन्हाळ्याच्या तोंडावर कोलोनच्या एका छोट्या थिएटरात तो भाग दाखवला. मी, मालिनी आणि यशवंत एका रांगेत बसलो. शेवटी केसलरने दार उघडलं, म्हणाला, इथे कोणीतरी आहे. पडदा काळा झाला. आणि त्या काळ्यात, सगळ्या करड्या चित्रपटातला एकच रंग, हिरवा डोळा हळूहळू उमलला. श्वासाबरोबर मिटला. पुन्हा उघडला. पुढच्या रांगेतली एक बाई शेजारच्याचा हात धरून बसली होती.

मग नावं आली. ‘श्वास: यशवंत’ असं आलं आणि थिएटरात हशा पिकला, टाळ्या पडल्या. यशवंत उठून चारी दिशांना वाकला. पुढे ‘शेवटचं दृश्य: पद्माकर यांनी पाहिलं तसं’ असं आलं, तेव्हा लोक अजून त्याच्याकडेच पाहत होते. “अहो, उठा की,” म्हणून मालिनीने मला कोपर मारलं. मी उठलो नाही.

दिवे लागले. यशवंत खाली बसला आणि बराच वेळ गप्प राहिला. असं सहसा होत नाही.

“पद्या,” तो पडद्याकडे पाहत म्हणाला, “तो टेपरेकॉर्डर आपल्या दोघांचा होता ना?”

“हो.”

“मग हा डोळा मला कधी दाखवला नाहीस.”

“तू झोपायचास.”

“दर शनिवारी काही झोपत नव्हतो.” जरा थांबून म्हणाला, “एकटाच बघत बसायचास होय?”

तो सूर माझ्या चांगला ओळखीचा होता. सगळा हिवाळा मी तो स्वतःच्याच मनात ऐकला होता. त्याची समजूत पटेल असं काहीतरी बोलायला हवं होतं.  कोट अंगात घातला आणि एकेक बटण, सावकाश, वरपासून खालपर्यंत लावत राहिलो.