टेक नो एक्सेप्शन

राज्यांची नवी वाटणी ठरवणारे साहेब आदिलाबादेत येणार म्हटल्यावर, जैनथकडच्या आपल्या गावाचा अर्ज लिहून घ्यायला नागोरावांनी साडूलाच गाठलं. चंपतराव कचेरीत कारकून, इंग्रजी जाणणारे; त्यांचं वावरही याच गावात. गावाचं म्हणणं साधं होतं: बोली मराठी, सोयरे पैनगंगेपल्याड, आम्हालाही मराठी मुलखात घाला.

चंपतरावांनी अर्ज वाचून दाखवला.

“हे टेक नो एक्सेप्शन म्हंजे काय?” नागोरावांनी विचारलं.

“एक्सेप्शन म्हंजे अपवाद. आमच्या गावाले वगळू नका, मराठी गावांसंगं न्या, असं.”

नागोराव तो कागद घेऊन दारोदार फिरले. म्हातारी भागाबाई अंगठा द्यायला तयार नव्हती. अशाच एका अंगठ्यानं तिच्या बापाचं वावर गेलं होतं.

“काकू, माया शब्दावर द्या,” नागोराव म्हणाले. तिनं दिला.

पुढं हैदराबाद राज्य मोडलं. गाव नदीच्या अलीकडं, तेलुगू राज्यात राहिलं. आसपासची मराठी गावंही तशीच राहिली, म्हणून नागोरावांनी मनाची समजूत घातली.

दोन वर्षांनी शेताच्या धुऱ्याच्या, बांधाच्या भांडणात त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली. त्यांचे वकील समोरच्या साक्षीदारावर उसळून म्हणाले, “आय टेक एक्सेप्शन!”

बाहेर आल्यावर नागोरावांनी विचारलं, “साहेब, अपवाद काऊन मागितला?”

“अपवाद नाही हो. टेक एक्सेप्शन म्हणजे हरकत घेणं.”

पुढच्या तारखेला नागोरावांनी पेटीतली अर्जाची नक्कल वकिलांपुढं धरली. त्यांनी वाचून मराठीत सावकाश सांगितलं, “तेलंगणात राहायला या गावाची काही हरकत नाही.” खाली पहिली सही नागोरावांची होती.

ते तडक कचेरीत गेले. चंपतरावांनी कागद पाहिला आणि मान वर केली नाही.

“गाव नदीपार गेलं असतं तं मायी नोकरी इकडं, वावर तिकडं. अन् एका अर्जानं काय फरक पडत होता?”

“फरक पडत नव्हता, तं खरं काऊन नाही लिहिलं?”

चंपतरावांनी शिपायाला चहा सांगितला. नागोराव चहा न घेताच निघाले.

गावात शिरले ते आधी भागाबाईच्या घरी. ती ज्वारी पाखडत होती. सगळं ऐकेपर्यंत तिचं सूप थांबलं होतं.

“त्यानं तुमाले फसवलं,” ती म्हणाली. “मले तं तुमीच फसवलं, नागोराव.”

नागोराव उठले. कागदावर पुढचा अंगठा दादाजीचा होता; ते त्याच्या घराकडं निघाले.