डेल्मरने झाकलेली फळी

मी छपराचा पत्रा बोलतोय. हळू आवाजातच बोलतो. मान वर करून सांगावं असं माझ्याकडे फार थोडं आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा लख्ख चकाकत होतो. फ्लोरिडाच्या उत्तरेला, कुठल्याच गावाच्या हद्दीत न येणाऱ्या एका कच्च्या रस्त्यावर डेल्मर हटोचं घर होतं. तिथे मला आणलं. शेजारच्या ओलीटाबाई कुंपणाशी आल्या.

"डेल्मर, परवाना काढलास का रे?"

"इथे ना गाव, ना नगरपालिका. परवाना कुणाकडे मागू, तुमच्या शेळ्यांकडे?"

"गाव नसलं तरी जिल्ह्याचं, काउंटीचं कार्यालय आहे. जुनं छप्पर उघडं असताना त्यांचा माणूस येऊन लाकूड बघतो, मग वर पत्रा घालायचा."

"तो येईपर्यंत पाऊस थांबणार आहे होय?"

जुनं छप्पर उचकटलं तेव्हा डेल्मरचा पाय फळीत घोट्यापर्यंत रुतला. लाकूड भिजलेल्या पावासारखं झालं होतं.

"काय मोडलं हो?" खाली शिडी धरून उभ्या असलेल्या बायकोने, व्हर्लीनने विचारलं.

"काही नाही गं."

त्याने मला उचललं आणि त्याच फळीवर ठेवून स्क्रू पिळले. ते भुसभुशीत लाकडात गरागरा फिरले, कुठे धरलेच नाहीत. मला ते कळत होतं. तरी रस्त्यावरून जाणारे "छान दिसतंय हो छप्पर!" म्हणाले की मी उन्हात मिरवायचो. झाकणं हेच माझं काम, असं मनाला समजावायचो.

सप्टेंबरात वादळ आलं. ओलीटाबाई शेळ्या आत घ्यायला बाहेर पडल्या होत्या. वाऱ्याच्या एका हिसक्यात मी सुटलो आणि माझी कड त्यांच्या खांद्यात घुसली. त्यांची किंकाळी मी इतक्या जवळून ऐकली, की पुढचं वादळ मला आठवत नाही.

पुढचं मी नंतर व्हर्लीनच्या तोंडून ऐकलं. इस्पितळात डेल्मर म्हणाला, "वाऱ्यापुढे कुणाचं काय चालतं, ओलीटाबाई!"

त्यांनी नुसतं विचारलं, "खालची फळी कशी होती?"

त्याने डोक्यावरची टोपी काढली. व्हर्लीनच्या देखत म्हणाला, "कुजलेली होती. मला माहीत होतं."

दुसऱ्या दिवशी त्याने कार्यालयात जाऊन तेच सांगितलं. आता घरावर नवीन फळ्या आहेत, नवे पत्रे आहेत. तपासनीसाने प्रत्येक फळी अंगठ्याने दाबून पाहिली, तेव्हा डेल्मर खाली मान घालून उभा होता.

मी कुंपणाशी गवतात पडलोय, कडेने गंजतोय. ओलीटाबाईंचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. रोज सकाळी व्हर्लीन त्यांची वेणी घालायला जाते. डेल्मर त्यांच्या दाराच्या पायरीपर्यंत येतो, आत जात नाही.

बाबांनो, पत्रा कुजकं लाकूड झाकतो, सावरत नाही. आम्हाला वर चढवण्याआधी कुणाला तरी खालचं बघू द्या.

आज आतून ओलीटाबाईंची हाक आली, "अरे, किती दिवस पायरीवर बसणार आहेस?" डेल्मर उठला, दारापर्यंत गेला, आणि तिथेच थांबला.