धुतलेली सात सीटर

तुम्ही त्या गाडीखाली वाकलाच नाहीत. पोट आडवं आलं असेल, चहा निवत असेल, तुमचं तुम्हाला ठाऊक. पण ‘तपासली, चालवण्यास योग्य’ असा शिक्का मारताना तुमचा हात जड झाला नाही, एवढं खरं. त्या शिक्क्यावर विसंबून एका लॉन्ड्रीवालीने आपल्या बापाला त्या गाडीत झोपवलं.

गाडी घ्यायची ती आबांसाठीच. त्यांच्या मूत्रपिंडांनी हात टेकले होते. दिवसाआड डायलिसिसला न्यावं लागे. उचलून आणलेलं माणूस दिसलं की टॅक्सीवाले पुढे पळत. मागच्या सीटा पाडल्या की आबा आडवे होतील अशी मोठी गाडी हवी होती. नवी झेपणारी नव्हती, म्हणून वापरलेली.

बघायला ती, नवरा आणि धाकटा भाऊ गेले. भावाला घरात ‘इंजिनसाहेब’ म्हणत, कारण त्याने एकदा मिक्सर खोलला होता. तो परत जोडला गेला नाही, ही गोष्ट वेगळी. इंजिनसाहेबांनी टायरला लाथा घातल्या, बॉनेट उघडून चेहरा गंभीर केला.

“काय दिसलं?” नवऱ्याने विचारलं.

“इंजिन आहे, दाजी.”

“नशीब आमचं.”

ती मात्र थेट आत शिरली. जन्म डाग काढण्यात गेलेला. तिचा हात आधी कापडावर जातो. सीटा, पायाखालचा गालिचा, छताचं अस्तर, कुठे ठिपका नाही. वास असा की अत्तराची बाटली सांडलीय.

“काय धुतलंय हो! ज्याने केलं त्याला माझ्याकडे कामाला पाठवा.”

“ताई, पारखी नजर आहे तुमची,” दलाल म्हणाला, आणि ती फुगली.

नवरा कुजबुजला, “एवढी जुनी गाडी, एवढी चकाचक?”

“काही माणसं स्वच्छ असतात, अहो. तुम्हाला नाही कळायचं.”

दुकानात कोणी इतकं घासलेलं, अत्तर मारलेलं कापड आणलं असतं, तर तिने आधी विचारलं असतं, काय लपवताय? गाडीत मात्र ती धुणाऱ्याच्या हातावर भाळली. उरलीसुरली शंका तुमच्या शिक्क्याने मिटवली.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. आबा मागे पडल्या पडल्या म्हणत, “राजासारखा चाललोय. राज्य कुठे आहे तेवढं सांगा.”

मग एका दुपारी भर पुलावर गाडी मेली. स्टिअरिंग लाकूड झालं, हॉर्न मुका, दारांचं लॉक उघडेना, काचा उतरेनात. आत ऊन आणि आबांचा घुसमटलेला श्वास. लोकांनी काच फोडून त्यांना काढलं तेव्हा ओठ निळे पडले होते. ते वाचले, म्हणजे मेले नाहीत.

गॅरेजवाल्याने गालिचा उचलला. खाली वाळलेला गाळ, गंजलेल्या वायरी. “गाडी पुरात बुडालेली आहे, बाई.” तिने गाळात बोट घातलं आणि नाकाशी नेलं.

आता आबा भिंतीकडे तोंड करून पडलेत. “मला परत कुठल्या गाडीत कोंडू नका,” एवढंच म्हणतात. रुग्णवाहिका दारात आली तरी खाटेचा दांडा सोडत नाहीत. असंच राहिलं तर काय होणार, ते डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलंय. अंगावरची सूजही तेच सांगते.

म्हणून ती आरटीओत तुमच्या खिडकीशी आली.

“गालिचा उचलणं आमचं काम नाही,” तुम्ही म्हणालात. “दिसतं तेवढं बघतो.”

“मीही तेवढंच बघितलं. पण माझ्या हातात शिक्का नव्हता.”

“वकील घेऊन या.”

“वकिलाला वेळ लागेल, साहेब. आबांना नाही लागणार.”

तुम्ही रांगेतल्या मागच्या माणसाला हाक मारलीत. ती हलली नाही.

“माझं ते ऐकत नाहीत. मी कुठल्या तोंडाने सांगू? तुम्ही सरकारी माणूस. चला घरी, त्यांच्या उशाशी बसा. सांगा, आबा, चूक माझी होती, आता दवाखान्यात चला. येता का? तिकडे काय बघताय? मी तुम्हाला विचारतेय. येता की नाही?”