शाळेच्या रेडिओचं मौन

शाळेच्या पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. दुधनीच्या बाजाराला निघालेले गाडीवानसुद्धा बैल सोडून येऊन बसले होते. समोर टेबलावर शाळेचा बॅटरीवरचा जुना रेडिओ, त्याला हळदीकुंकू, झेंडूची माळ, आणि शेजारी खुर्चीत ऐसपैस बसलेले वाणीसिद्ध महाराज.

"देवीनं मौन धरलंय," महाराज डोळे मिटून म्हणाले. "पर माझा हात लागला की तिला बोलावंच लागतं."

त्यांनी हात रेडिओच्या डोक्यावरून हळूच मागं नेला. इतका वेळ नुसता खरखरणारा रेडिओ एकदम खणखणीत बोलू लागला, "...ज्वारीची आवक वाढली असून..." महाराजांनी हात उचलला. पुन्हा खरखर!

"यप्पा! देवरु बोलला, देवरु!" कुणीतरी कानडीत देवाचं नाव घेत ओरडलं आणि अख्खी पडवी आडवी झाली. आता देवी ज्वारीचे भाव कशाला सांगत बसेल? पण हे विचारायचं भान होतं कुणाला!

एकट्या शिवबाई मास्तरीण उभ्या होत्या. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला होता. चौऱ्याहत्तर साल चालू होतं, गावात अजून वीज नव्हती, आणि हा रेडिओ मिळवायला त्यांनी सोलापूरच्या साहेबांच्या दारात चपला झिजवल्या होत्या. त्याही गुरम्मासाठी. चौथीतली ही पोर जन्मापासून आंधळी. तिला फळा दिसत नव्हता, पुस्तक वाचता येत नव्हतं. पण दुपारी शाळेचा कार्यक्रम लागला की कान देऊन ऐकायची आणि सगळा धडा घडाघडा म्हणून दाखवायची. खंडेनवमीला गावानं नांगर-तराजूबरोबर रेडिओचीही पूजा केली आणि नेमका त्याच दिवशी रेडिओ बिघडला. तेव्हापासून गुरम्मा वर्गात नुसती बसून असायची. शिवबाईंना ते बघवत नव्हतं.

"देवीला पोरांचा गोंगाट सोसंना," महाराजांनी जाहीर केलं. "सोमवारी तिला आमच्या मठात बसवू."

सरपंच कल्लप्पांनी तिथल्या तिथं मान डोलावली.

"आणि माझ्या पोरांनी काय ऐकायचं?" शिवबाई कडाडल्या.

"मठात या की, बाई. नारळ घेऊन."

गर्दी पांगली तशी गुरम्मानं बाईंचा पदर ओढला. "बाई, रेडिओ गप न्हाय. खरखरीच्या मागं कोण तरी बारीक बोलतंय. महाराजांचा हात लागला की जवळ येतंय, काढला की लांब जातंय."

शिवबाई चमकल्या. त्यांनी रेडिओच्या डोक्यावर हात ठेवला. खरखर. पुढून ठेवला. खरखर. मागं एक पितळी स्क्रू होता. त्याला बोट लागलं मात्र, आवाज ठणठणीत! या स्क्रूपासून छपरावरच्या बांबूपर्यंत एरियलची तार गेलेली असायची. ती जागेवर नव्हतीच. मग गेली कुठं? शिवबाईंनी वर पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

सोमवारी महाराज गाडी सजवून हजर. शिवबाईंनी मुद्दाम शाळेच्या कार्यक्रमाची वेळ गाठली आणि हात जोडले. "महाराज, जायच्या आधी देवीला एकदा पुढनं हात लावून बोलतं करा."

"देवी पाठीत वसती, बाई."

"मग पाठीला दुसऱ्या कुणी हात लावला तर?"

"जळून खाक होईल!"

"गुरम्मा, ये गं पुढं."

पुढची माणसं दोन हात मागं सरकली. गुरम्मानं चाचपत स्क्रूवर बोट ठेवलं आणि रेडिओ गाऊ लागला.

"पोरीच्या अंगात देवी आली!" म्हणत म्हातारी नागम्मा तिच्या पायांवर कोसळली.

"उठा आजी!" शिवबाई ओरडल्या. "तिला देव्हाऱ्यात बसवलंत तर ती शिकणार कधी? सरपंच, आता तुमी या."

कल्लप्पा पत्त्यांच्या अड्ड्यावरून थेट उठून आले होते. त्यांनी घाबरत बोट लावलं. रेडिओ तितक्याच प्रेमानं गायला.

"सरपंचाच्या अंगातबी देवी?" मागून आवाज आला आणि पडवी खो खो हसू लागली.

शिवबाईंनी दारावरचं खंडेनवमीचं तोरण उतरवलं. आंब्याची पानं पार वाळली होती. "हे कुणी बांधलं?"

"मीच की, बाई," शिपाई रावजी म्हणाला. "सुतळी घावली न्हाय. छपरावर ही तार रिकामीच व्हती, म्हटलं कामाला येईल."

"बघा! हवेतला आवाज ही तार धरते. तुमी पूजेसाठी तीच काढलीत. तार नसली की माणसाचं अंग तारेचं काम करतं, मग ते महाराजांचं असो की सरपंचांचं. काय हो महाराज, आधी कुठल्या रेडिओच्या दुकानात होता?"

महाराज केव्हाच गाडीत जाऊन बसले होते. पण गाडीवान इथं हसत उभा, त्यामुळे गाडी काही हलेना.

रावजीनं पानांसकट तार बांबूला बांधली, शिवबाईंनी दुसरं टोक स्क्रूला जोडलं. कुणाचाही हात न लागता रेडिओ खणखणीत बोलू लागला.

"हात जोडू नका असं मी म्हणत न्हाय," शिवबाई म्हणाल्या. "पण जोडायच्या आधी मागं वाकून बघा, चार प्रश्न विचारा. नाही विचारले म्हणून तर आज आपल्या पोरीचं पुस्तक मठात निघालं होतं."

त्यावर सगळेच एकदम बोलू लागले. कुणी म्हणे मला आधीच शंका होती, कुणी म्हणे मला तर पहिल्या दिवसापासून.

"ए, गप बसा की समदे!" गुरम्मा जोरात ओरडली. "धडा सुरू झालाय."

सरपंचांसकट अख्खी पडवी खाली बसली आणि ऐकू लागली.