भिंग आणि करवत

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, काचा घासायच्या यंत्रापुढे ताईचा दिवस जायचा. पुढे मालक गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा आणि मागे ताई त्यांच्या नंबरच्या काचा फ्रेमच्या मापात उतरवायची. काच बसली की उजेडाला धरायची, फडक्याने पुसायची आणि भिंतीतल्या खिडकीतून पुढे सरकवायची. ज्यांच्यासाठी ती एवढं डोळ्यांत तेल घालून काम करायची, त्यांचे चेहरे तिला क्वचितच दिसत. दुकानात सगळे तिला ताई म्हणत. मालकही म्हणायचा, आणि तो तिच्याहून चांगला दहाबारा वर्षांनी मोठा होता.

घरी दोन खोल्या आणि ती. आई गेल्यापासून घरात दुसऱ्या माणसाचा आवाज असा नव्हताच. लांबच्या शहरात भाऊ होता, तो अधूनमधून फोन करायचा, "काय म्हणतेस?" विचारायचा आणि ती काही म्हणायच्या आत स्वतःचं सांगायला लागायचा. मग फोन वहिनीकडे जायचा. वहिनीला ताईची काळजी वाटायची, पण ती काळजी दोन मिनिटांत आटपण्यासारखी असायची.

जुन्या हॉलिवूडच्या मूकपटांचा नाद तिला आईच्या आजारपणात लागला. आईला शेवटी शेवटी आवाज सहन होईना. ताई तिच्या उशाशी बसून आवाज बंद करून काहीबाही बघायची. बघता बघता तिच्या ध्यानात आलं, की काही चित्रपट असे आहेत ज्यांचं आवाज नसल्यामुळे काही अडत नाही, कारण त्यांना तो कधी नव्हताच. आई गेली, नाद राहिला. पुढे त्यात सुरुवातीचे बोलपटही आले, ज्यांत माणसांना नुकतीच वाचा फुटलेली असायची आणि ती कशी वापरावी हे कोणालाच उमगलेलं नसायचं.

नावाजलेल्या चित्रपटांकडे ती फिरकायची नाही. त्यांच्यावर लिहिणारे ढिगाने होते. तिला हवे असायचे ते कोणीही न विचारलेले: मधलंच रीळ हरवलेला, नटांची नावं कोणाला ठाऊक नसलेला, कोणीतरी कुठूनतरी शोधून इंटरनेटवर टाकून दिलेला. संध्याकाळी जेवणाआधी ती असा एखादा बघायची आणि त्यावर लिहायची. त्यासाठी तिने एक छोटीशी वेबसाइट केली होती. खाली सही असायची, 'भिंग'.

वाचायला कोण येणार? महिन्यातून एखादा चुकून यायचा, आणि तोही चष्म्याच्या भिंगाची किंमत विचारायचा. ताई त्याला दुकानाचा पत्ता द्यायची.

आणि मग करवत आला.

त्याचा पहिला अभिप्राय असा होता: "आपण लिहिता की नायक बागेतून चालत येतो. ती बाग नव्हे, दफनभूमी आहे. मागे क्रूस दिसतात. चष्मा बदला. आपला, करवत."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने चित्रपट पुन्हा लावला. झाडांच्या मागे क्रूस होते. निमूटपणे तिने 'बाग' खोडलं, 'दफनभूमी' लिहिलं आणि आभारही मानले, पण त्याच उत्तरात त्याच्या अभिप्रायातली एक शुद्धलेखनाची चूक काढली. ती त्याला भलतीच झोंबली असावी, कारण आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासून तो निवृत्त झाला होता. हे तिला पुढे कळलं.

तेव्हापासून दोघांचं जुंपलं. तिने एखाद्या नटीला उचलून धरलं की तो तिला जमिनीवर आणायचा. तिने एखादा विनोदवीर रद्दड म्हटला की हा त्याची वकिली करायचा. पडद्यावरची संवादाची पाटी किती वेळ दिसावी, घोडागाडीचं चाक उलटं फिरताना का दिसतं, असल्या गोष्टींचा दोघं कीस काढायची. तो तिला 'भिंगसाहेब' म्हणायचा. 'मी पाहिला', 'मला वाटलं' असं लिहिणारी व्यक्ती बाई की पुरुष हे मराठीत कळत नाही, आणि त्याने पुरुष धरून चालवलं. आधी ते दुरुस्त करायचं राहून गेलं. मग तिला त्यात गंमत वाटायला लागली. 'आलो-गेलो' की 'आले-गेले' हे ठरवायची वेळ येऊ नये म्हणून ती वाक्यं वळवून घ्यायची.

अशी वर्षं गेली. एकमेकांची तब्येत, घर, माणसं, कशाची म्हणून चौकशी नाही. फक्त चित्रपट.

मग एकदा तिने नवं लिहिलं आणि करवत आला नाही. गेला असेल कुठे गावाला, असं तिने मनाला सांगितलं. पुढच्या वेळीही नाही, त्याच्या पुढच्याही. काच घासताना तिचं चित्त थाऱ्यावर राहीना. एका बाईची डावी काच उजवीकडे बसली, असं दुकानात तिच्या हातून आजवर झालं नव्हतं. शेवटी तिने त्याची खोडच काढायची ठरवली. एका चित्रपटातल्या नायकाच्या कामाला करवतने पूर्वी 'लाकडाच्या वखारीतला अभिनय' म्हटलं होतं. त्या चित्रपटावर तिने मुद्दाम भरभरून लिहिलं आणि नायकाला डोक्यावर घेतलं. हे वाचून तो थडग्यातूनही उठेल, असं तिला वाटलं, आणि वाटल्यावर ती स्वतःच चपापली.

दोनेक दिवसांनी करवतच्या नावाने उत्तर आलं. लिहिणारा तो नव्हता.

"मी यांची धाकटी बहीण. दादाला झटका आला. बोलणं आणि उजवा हात गेला. समजतं सगळं. तुमचं लिहिलेलं मी वाचून दाखवते. कालचं ऐकून फार चिडला. डॉक्टर म्हणतात चिडला तर चांगलंच आहे. तरी लिहीत राहावे."

ताईने ते पुन्हा पुन्हा वाचलं. मग 'भेटायला आलं तर चालेल का?' एवढंच विचारलं. बहिणीने पत्ता कळवला.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी ती बसने गेली. सोबत लॅपटॉप आणि बिस्किटांचा पुडा. तीन जिने चढून तिने बेल वाजवली. दार उघडलं ते ताईच्याच वयाच्या, पदराला हात पुसणाऱ्या बाईने. तिने ताईकडे पाहिलं, मग तिच्या मागे जिन्याकडे पाहिलं.

"या ना. साहेब मागून येतायत का?"

"साहेब नाहीत," ताई म्हणाली. "मीच ती. भिंग."

बहीण तोंडावर हात ठेवून हसत सुटली. तशीच आत गेली. "दादा, अरे ऐकलंस का, तुझे साहेब बाई निघाले."

खिडकीपाशी आरामखुर्चीत एक उंच, वाळलेला म्हातारा बसला होता. त्याने ताईला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, जसं एखादं मुद्रित न्याहाळावं. मग त्याचा अर्धा चेहरा हलला. तो हसतोय की रागावलाय, हे तिला कळेना.

"बसा हो," बहीण म्हणाली. "खूश झालाय तो."

त्यावर त्याने डावा हात आडवा, करवत चालवावी तसा, हवेतून फिरवला.

"म्हणजे नाही," बहिणीने सांगितलं. "हल्ली एवढंच बोलतो."

ताईने आणलेला चित्रपट तिने नुकताच परीक्षणासाठी घेतला होता. मूकपट जाऊन बोलपट येत होते त्या दिवसांतला, बराचसा मुका आणि शेवटी थोडा बोलका. एका मोठ्या हॉटेलात टेलिफोन जोडून देणारी मुलगी, तिच्यावर भाळलेला श्रीमंत पाहुणा, आणि त्याच हॉटेलच्या दाराशी उभा राहणारा तिचा दरवान बाप. बाप दरवान आहे हे मुलगी लपवते. शेवटच्या रिळापर्यंत सगळं मुक्याने आणि झकास चालतं. शेवटी एकाएकी सगळी बोलायला लागतात आणि टेबलावरच्या फुलदाणीभोवती खिळल्यासारखी उभी राहतात, कारण माइक त्या फुलदाणीत लपवलेला असतो.

पडदा बोलायला लागला तसा म्हातारा सावरून बसला आणि डाव्या हाताने पडद्याकडे खुणा करायला लागला. ताईने चित्र थांबवलं.

"मुलीचा आवाज? पत्र्यासारखा आहे, असंच ना?"

हात आडवा फिरला.

"मग चांगला आहे?"

पुन्हा आडवा.

"फुलदाणी?"

हात अर्ध्यावर थबकला आणि मग आडवाच गेला. ताईने विचारायचं तेवढं विचारलं. त्याचा श्वास फुलला, बहीण पाणी घेऊन आली, बसची वेळ झाली.

घरी येऊन तिने परीक्षण लिहिलं. आवाजाने चित्रपटाची माती केली, हे स्वतःचं मत. त्याखाली 'करवत यांचं मत' म्हणून चार ओळी: हा अवघडलेपणाच खरा आहे, नव्याने बोलू लागलेली माणसं अशीच उभी राहतात, वगैरे. लिहिताना तिला ते बरं वाटलं होतं.

बहिणीचा फोन दुकानातच आला. "अहो, काय लिहिलंत? वाचून दाखवलं तर त्याने वाटी उडवली. भिंतीपर्यंत सांडलंय."

"चुकलं वाटतं माझं," ताई म्हणाली.

"साफ चुकलंय म्हणतोय."

ताईला आधी ओशाळल्यासारखं झालं. थोड्या वेळाने मालक कसलीशी फ्रेम मागायला खिडकीत डोकावला, तर ही काच उजेडाला धरून हसत होती.

पुढच्या सुट्टीला ती पुन्हा गेली. या वेळी तिने शेवटचं रीळ थोडं थोडं पुढे सरकवत नेलं आणि म्हाताऱ्याने हात उचलला की थांबवलं. हात उचलला गेला तो मुलगी पाहुण्याला खरं सांगते तिथे. ताई पडद्यावर बोट फिरवत गेली. मुलगी? नाही. पाहुणा? नाही. पडदे, दिवा, खुर्ची? नाही, नाही. मग पार मागे, दाराच्या चौकटीत, कोटाच्या बटणांवर उजेड पडलेला बाप. तिथे बोट येताच हात खाली आला.

"हा नुसता उभा आहे," ताई म्हणाली आणि चित्र सुरू केलं. मग ती पुढे वाकली. तो नुसता उभा नव्हता. त्याचे ओठ हलत होते. तो चांगली दोन-तीन वाक्यं बोलत होता, मुलीकडे हात करून बोलत होता, आणि त्याचा एक शब्दही ऐकू येत नव्हता. ताईने हा चित्रपट कितीदा तरी पाहिला होता. तिला तो दिसलाच नव्हता.

बहिणीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "दादा," ती म्हणाली, "तुला स्वतःचंच आठवलं ना रे?"

म्हाताऱ्याने हात इतक्या जोराने आडवा फिरवला की खुर्ची करकरली. त्याने फुलदाणीवर बोट ठेवलं, मग दरवानावर, आणि दोन्हींच्या मध्ये बोट सावकाश ओढत नेलं. पुन्हा तसंच केलं.

"अंतर," ताई म्हणाली. "माइक फुलदाणीत, हा दाराशी. याचा आवाज पोचलाच नाही. ही चूक आहे त्यांची."

म्हाताऱ्याने मान मागे टेकली. छापखान्यात शेवटचं मुद्रित हातावेगळं केल्यावर तो असाच बसत असणार.

"आणि एवढ्या वर्षांत कोणाच्याच लक्षात नाही आलं?"

त्याने अंगठा स्वतःच्या छातीला लावला.

बहीण डोळे पुसता पुसता हसली. "गर्व बघा मेल्याचा," ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली. तो दरवान काय बोलत होता, ते ओळखायचा ताईने पुष्कळ प्रयत्न केला. ओठ नीट दिसत नव्हते. म्हाताऱ्याला विचारलं तर त्याने खांदा उडवला. त्याला त्यात काही रस नव्हता.

मग ती जमेल तशी जात राहिली. परीक्षणांत आता दोन मतं असत, आणि करवतचं मत तिथेच, त्याच्या हातासमोर नक्की केलेलं असे. त्यात पुष्कळदा एवढंच असे: 'हे खरे नाही.' ताई ते तसंच छापायची. घरी परत आल्यावर दोन खोल्या पूर्वीपेक्षा मोठ्या वाटायच्या. कोणाकडे तरी जाऊन आल्यावर घर असं वाटतं, हे ती विसरूनच गेली होती.

थंडी सरता सरता तो गेला. दुपारी खुर्चीतच डोळा लागला तो लागलाच. फोन आला तेव्हा ताईच्या यंत्रावर काच होती आणि बाहेर गिऱ्हाईक थांबलं होतं. तिने काच पुरी केली, बसवली, पुसली, खिडकीतून दिली आणि मग मालकाला सांगून निघाली.

तिथे नातेवाईक जमले होते. कोणीतरी विचारलं, "आपण कोण?" ताईला सांगता येईना. मैत्रीण म्हणावं तर त्याने तिला नावानेही कधी हाक मारली नव्हती. ओळखीची म्हणावं तर ते फारच थोडं होतं. ती दाराशीच उभी राहिली. बहिणीने आतून पाहिलं, तिच्या हाताला धरून तिला आत नेलं आणि आपल्याजवळ बसवलं. कोण ते तिनेही कोणाला सांगितलं नाही.

काही आठवड्यांनी बहिणीचा फोन आला. "सुट्टीला येताय ना? तुमचं ते काहीतरी घेऊन या. मला काही कळत नाही त्यातलं, पण घर खायला उठतं हो."

ताई गेली. चांगला, सहजी हाती न लागणारा मूकपट नेला होता. रिकाम्या खुर्चीवर कपड्यांच्या घड्या ठेवल्या होत्या. पडद्यावर नावं उमटली आणि बहीण बोलायला लागली. दादा लहानपणी कसा हट्टी होता, कोणाशी म्हणून त्याचं पटलं नाही, दोन ठिकाणी लग्न ठरता ठरता कसं मोडलं, आता या एवढ्या पुस्तकांचं काय करू. जहाज बुडालं, नायिका किनाऱ्याला लागली, कोणीतरी कोणाला तरी पिस्तूल दाखवलं. ताईने मध्येच एकदा "हे बघा, इथे" म्हटलं. बहिणीने वळून पाहिलं, "हो का," म्हणाली आणि आपलं बोलणं पुढे चालू केलं. ताई तिच्याकडे तोंड करून बसली आणि 'हं' म्हणत राहिली.

परतीच्या बसमध्ये तिने परीक्षणाचं पहिलं वाक्य मनात जुळवायला घेतलं, तेव्हा तिला कळलं की शेवट काय झाला हेच तिला ठाऊक नाही. घरी आल्यावर तिने हातपाय धुतले, दिवा लावला आणि चित्रपट पहिल्यापासून सुरू केला.